पाणी सोडून केलेला संकल्प बाराव्या दिवशी मोडला

मी समुपदेशक आहे, आणि दर जूनमध्ये माझ्याकडे मुलांचं साधारण एकच गाऱ्हाणं येतं. मॅडम सुट्टी लागताना एवढं ठरवलेलं, त्यातलं काहीच झालं नाही, आता स्वतःचीच लाज वाटते. बहुतेकांना तासभर बोलून मोकळं वाटतं आणि ती पोरं परत काही येत नाहीत. पण अधूनमधून एखादा त्याला जोडून हळूच दुसरं विचारतो, की मी हे देवासमोर ठरवलेलं, आता मोडलं तर? पाप लागतं का असं सरळ विचारायला लाजतात, पण विचारायचं तेच असतं. म्हणून एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला विचारून सांगतेय, नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ओंकार म्हणू त्याला. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष संपलेलं, गाव फलटणच्या बाजूला, पुण्यात नऱ्ह्याला चार पोरांत मिळून रूम. सुट्टीत एका छोट्या कंपनीत इंटर्नशिप होती म्हणून तो पुण्यातच थांबलेला. आला तो वही घेऊनच. वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने अकरा गोष्टी: पहाटे साडेचारला उठणे, रोज १०८ सूर्यनमस्कार, कोडिंगचे दोन प्रॉब्लेम, इंग्लिश स्पीकिंग, साखर बंद, इन्स्टा बंद, सहा पुस्तकं, गीतेचा एक अध्याय, संध्याकाळी हरिपाठ, झोपताना जप, आणि अकरावी गोष्ट "रागावणार नाही". पुढच्या पानांवर चौकटी आखून टिका. अकरा दिवस सगळ्या हिरव्या, बाराव्या दिवशी तीन लाल, तेराव्या दिवसापासून वही कोरी.

मी म्हणलं, अरे, ज्या माणसाने आजवर आठच्या आधी डोळे उघडले नाहीत त्याने एका सोमवारपासून साडेचारला उठून १०८ सूर्यनमस्कार, तुझी पाठ अजून जागेवर आहे हेच खूप. तो हसला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण नाही कळलं, आणि मी माझं नेहमीचं सुरू केलं. २१ दिवसांत सवय लागते असं रील्समध्ये सांगतात त्याला फारसा आधार नाही, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला २०१० साली छापून आलेला एक अभ्यास आहे, त्यात ९६ लोक होते, आणि नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं निघालं, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ असा अंदाज होता. त्यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नव्हतं. बिघडतं ते चुकलेल्या दिवसानंतर. एक गुलाबजाम खाल्लाच आहे तर आता डब्बा संपवू, असं डोकं चालतं ना, तसं. मग मी त्याला अकरातल्या दोन गोष्टी निवडायला सांगितल्या आणि प्रत्येक गोष्ट आधीच असलेल्या कशाला तरी बांधायला सांगितली, म्हणजे सकाळचा चहा झाला की लॅपटॉप उघडून एक प्रॉब्लेम, एवढंच. त्याने मान डोलावली, "हो मॅडम" म्हणाला, आणि पंधरा दिवस फिरकलाच नाही.

चूक माझी होती. त्याने वही दाखवली आणि मी वहीवरच बोलत बसले.

पुढच्या वेळी आला तेव्हा वही नव्हती. बराच वेळ मोबाईलचं कव्हर काढघाल करत बसला आणि मग सगळं एकदम बाहेर आलं. एम-थ्रीचा, म्हणजे गणिताचा, पेपर वाईट गेलेला (इंजिनीअरिंगवाल्यांना एम-थ्री म्हणजे काय ते सांगायला नको), केटी लागणार, म्हणजे विषय राहणार, ही धास्ती, आणि पेपरच्या दुसऱ्या दिवशी गावी जाऊन देवघरात बसून हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, की सुट्टीभर हे अकरा नियम पाळीन, मला या विषयातून काढ. बाराव्या दिवशी ऑफिसमधून उशीर झाला, रूमवर कुणाचा तरी बर्थडे, केक खाल्ला, हरिपाठ राहिला, जप राहिला. रात्री दीडला झोपताना छातीत धडधड, की झालं, आता मी नापासच.

आणि त्याच्याही खाली अजून एक होतं. "मॅडम, जे अकरा दिवस केलं ना, त्यात पण मला काही वाटत नव्हतं. हरिपाठ म्हणताना मी घड्याळ बघत होतो. लहानपणी आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, मांडीवर बसून म्हणायचो तेव्हा अंगावर काटा यायचा. आता वाटतं हे कुणी ऐकतंय का तरी. आणि असं वाटलं म्हणूनच माझा पेपर वाईट गेला असेल का?"

बघा, म्हणजे विश्वास उडाला म्हणून देव शिक्षा करतोय, असा हिशोब. देव नाही ही भीती आणि देव रागावलाय ही भीती, दोन्ही एकाच रात्री एकाच डोक्यात. बाहेरून ऐकताना हसू येईल पण आतल्या माणसाची झोप उडते.

मी आधी माझं नेहमीचं विचारून घेतलं: झोप, जेवण, मनात नको ते शब्द परत परत येतात का, पाप धुवायला म्हणून तोच जप मोजून पुन्हा पुन्हा करावा लागतो का, जगणं नको वाटतं का. हे विचारावंच लागतं, कारण काही मुलांमध्ये हे श्रद्धेचं कोडं नसून ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार, असतो, त्यात देवाधर्माचेच विचार अडकून बसतात आणि तिथे सायकिअ‍ॅट्रिस्ट लागतो, माझ्या गप्पा पुरत नाहीत. (असं कुणाला होत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.) ओंकारचं तसं नव्हतं.

देव आहे का नाही यावर मी बोलले नाही. ते माझं काम नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या घरी देवपूजा सासूबाई करतात, मी फुलं आणून देते, एवढाच माझा अधिकार. मी फक्त विचारलं, तुमच्या घरी कुणी गेलं की सुतक असतं ना? तेव्हा पूजा बंद असते?

"हो. आजोबा गेले तेव्हा होती."

मग त्या दिवसांत देव रुसला होता?

तो जरा गप्प झाला. "नाही. पण ते तर नियमातच असतं ना."

म्हणजे खंड पडणार हे नियमालाच माहीत आहे, म्हणलं. तुझ्या वहीतल्या नियमाला तेवढं पण माहीत नव्हतं. तू हरिपाठ कुठल्या रांगेत ठेवलास बघ, साखर बंद आणि इन्स्टा बंदच्याच रांगेत. तिथे टिक लागली की पास, नाही लागली की नापास. एम-थ्रीचाच दुसरा पेपर काढलास तू आणि एक्झामिनरच्या खुर्चीत देवाला बसवलंस. मग घड्याळ बघशील नाहीतर काय.

यावर तो पहिल्यांदा हसला, मग डोळे पुसले.

पेपरचं वेगळं काढलं आम्ही. कुठले प्रश्न सुटले, कुठले सुटले नाहीत, कागदावर मांडलं, पास-नापासच्या अगदी काठावर होता. लागली केटी तर परत पेपर देता येतो, घरी कधी आणि कसं सांगायचं ते पण बोललो. या भागात सांगण्यासारखं विशेष काही नाही, पण भीतीला आकडा मिळाला की ती बरीच लहान होते.

राहिले आण्णा. त्यांना हे कसं सांगू की मला पूर्वीसारखं वाटत नाही? इथे मी कुणालाही "सांगून टाक, मोकळा हो" असं म्हणत नाही. काही घरांत यावरून जेवणाची ताटं उचलली जातात, शिक्षणाचे पैसे थांबतात, तिथे पायावर उभं राहीपर्यंत गप्प बसणं पण शहाणपणाचंच असतं. पण ओंकारचे वडील त्याच्या बोलण्यातून मला तसे वाटत नव्हते. म्हणलं, समोरासमोर बसून नको सांगू, काहीतरी करताना सांग.

माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला येते. आण्णा दरवर्षी चालतात, हा दहावीनंतर कधी गेला नव्हता. या वेळी रजा टाकून तरडगावपासून फलटणपर्यंत गेला. नंतर येऊन सांगत होता, टाळ घेतला नाही मॅडम, अभंग पण म्हणले नाहीत, नुसता चाललो आणि वाटेत पाणी वाटलं. दुपारी कधीतरी त्याने आण्णांना सांगितलं, संकल्पाचं आणि दुसरं पण. आण्णा पुढच्या चहापर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला तरी रोज कुठं काय वाटतं. पाय चालतात म्हणून चालतो." आणि गळ्यातल्या माळेला हात लावून, "ही तुटली तर काय करतो आपण? ओवून परत घालेस्तोवर जेवत नाही. वारकरीच नव्हता म्हणतंय का कुणी?"

ओंकारचं कोडं त्याने सुटलं असं नाही. तो म्हणतो, मला अजून माहीत नाही मी मानतो का नाही, पण आता रात्री धडधडत नाही.

शेवटच्या भेटीत परत वही आणली होती. तीनच ओळी: चहानंतर एक प्रॉब्लेम, संध्याकाळी अर्धा तास चालणे, एम-थ्री रोज एक गणित. मी विचारलं, हरिपाठ?

"तो वहीत नाही ठेवला. कधी म्हणतो, कधी नाही म्हणत."

आणि सूर्यनमस्कार?

"मॅडम, बारा."