सीमाभागातून बी.एस्सी. केल्यावर एम.एस्सी. केमिस्ट्रीत करावी की बायोकेमिस्ट्रीत, आणि पुढच्या पीएच.डी.साठी आतापासून काय लागते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही खानापूर तालुक्यातले, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले, पीयूसीला (अकरावी-बारावीला) पीसीएमबी, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र, घेतलेले आणि सध्या बेळगावात सीबीझेड, म्हणजे रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र, घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात. एम.एस्सी. कशात करावी, धारवाडला जावे की कोल्हापूरला, आणि पुढे परदेशात पीएच.डी. करायची झाल्यास आतापासून काय तयारी लागेल, असे तुम्ही विचारले आहे. मी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केली आणि अनेक वर्षे बेळगाव जिल्ह्यातल्या डिग्री कॉलेजात हाच विषय शिकवतो आहे. दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांचे अर्ज माझ्या नजरेखालून जातात, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

बहुतेक विद्यार्थी ‘किती टक्के लागतात’ इथून सुरुवात करतात. टक्के लागतातच, पण अर्ज तपासणारा त्याआधी मार्क्स कार्डावर कोणता विषय किती सत्रे घेतला आहे हे पाहतो आणि पहिली गळती तिथेच होते. एम.एस्सी. केमिस्ट्रीसाठी पदवीच्या सर्व वर्षांत रसायनशास्त्र मुख्य विषय असावा, अशी अट बहुतेक विद्यापीठांत असते. बायोकेमिस्ट्रीसाठी रसायनशास्त्राच्या जोडीला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजी असलेले विद्यार्थीही घेतले जातात. म्हणजे सीबीझेडवाल्याला कागदोपत्री दोन्हीकडे वाव आहे. त्यातच तुम्ही पीयूसीला पीसीएमबी घेतले होते, ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण अनेक आयआयटींच्या एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या अटींत बारावीला किंवा पदवीला गणित असणे आवश्यक मानले जाते. गणिताऐवजी दुसरा विषय घेतलेल्या हुशार मुलांना ही अट शेवटच्या वर्षी कळते आणि तेव्हा त्यावर कसलाच इलाज नसतो.

माझे मत विचाराल तर, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तुमचा जीव खरोखर रमत नसेल तर एम.एस्सी. केमिस्ट्रीतच करा. केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेला विद्यार्थी पुढे एन्झाइमांवर, प्रथिनांच्या रचनेवर किंवा औषधांच्या रेणूंवर पीएच.डी. करू शकतो, आणि असे करणारे पुष्कळ आहेत. पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे वेंकटरामन रामकृष्णन यांची डॉक्टरेट तर भौतिकशास्त्रातली होती आणि जीवशास्त्राकडे ते त्यानंतर वळले. उलट दिशेने येणे मात्र अवघड जाते. पीयू किंवा डिग्री कॉलेजात केमिस्ट्री शिकवण्याच्या जागेसाठी एम.एस्सी. केमिस्ट्रीच मागतात, आणि गोव्यात वेर्ण्याच्या औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलच्या कामावर घेतानाही ऑरगॅनिक किंवा अ‍ॅनालिटिकल झालेल्यांना आधी विचारतात. एक खुलासा इथेच करतो. मेडिकल कॉलेजांत चालणारी एम.एस्सी. मेडिकल बायोकेमिस्ट्री हा निराळा, तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. विज्ञान विभागातल्या बायोकेमिस्ट्रीशी त्याची गल्लत करू नका.

सीबीझेडच्या विद्यार्थ्यांचे खरे दुबळे अंग म्हणजे फिजिकल केमिस्ट्री, आणि प्रवेश परीक्षेत तेच उघडे पडते. एक उदाहरण घ्या. एन्झाइमच्या अभिक्रियेत सब्स्ट्रेटची (एन्झाइम ज्यावर काम करते त्या पदार्थाची) संहती मायकेलिस स्थिरांकाच्या (ज्या संहतीला वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो तिच्या) तिप्पट असेल, तर वेग कमाल वेगाच्या किती टक्के असेल? हा धडा जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचलेला असतो, आलेखही त्याला पाठ असतो. पण वेग म्हणजे कमाल वेग गुणिले संहती, भागिले स्थिरांक आणि संहती यांची बेरीज, हे समीकरण मांडून तीन भागिले चार, म्हणजे ७५ टक्के, हे उत्तर स्वतः काढायची त्याला सवय नसते. केमिस्ट्रीच्या विद्यार्थ्याला समीकरण जमते, पण मायकेलिस स्थिरांक हा शब्द त्याने ऐकलेला नसतो. तुम्ही या दोन्हींच्या मध्ये उभे आहात. म्हणून येत्या काही महिन्यांत गतिकी, उष्मागतिकी, बफरचा पीएच, विद्युत्‌रसायन आणि थोडे पुंजरसायन (क्वांटम केमिस्ट्री) एवढे कागदावर आकडेमोड करत पक्के करा. त्यासाठी लघुगणक, अवकलन आणि साधे संकलन पुरते.

परीक्षांमध्ये सर्वांत महत्त्वाची आहे आयआयटी जॅम, म्हणजे एम.एस्सी.साठीची आयआयटींची सामाईक प्रवेश परीक्षा. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. तीन तासांत ६० प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यांतल्या २० प्रश्नांना पर्यायच नसतात, संख्या स्वतः काढून टंकावी लागते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात ते फक्त एकच पर्याय बरोबर असलेल्या पहिल्या भागात. जॅममध्ये बायोकेमिस्ट्रीचा वेगळा पेपर नाही, तो कल असलेल्यांनी बायोटेक्नॉलॉजीचा पेपर द्यावा. केमिस्ट्रीच्या पेपरावर आयआयटींतली एम.एस्सी. तर मिळतेच, शिवाय बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी इंटिग्रेटेड पीएच.डी.चा मार्गही मोकळा होतो, म्हणजे बी.एस्सी.नंतर थेट संशोधनाच्या वाटेवर. केंद्रीय विद्यापीठांसाठी, म्हणजे हैदराबाद किंवा कलबुर्गीजवळच्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठासाठी, सीयूईटी-पीजी ही त्यांची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते; तिच्यात बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक कापला जातो. या दोन परीक्षा देऊन ठेवा आणि त्यांचा निकाल हाती येईपर्यंत धारवाड-कोल्हापूरचा विचार बाजूला ठेवा.

आता धारवाड की कोल्हापूर. कर्नाटक विद्यापीठ १९४९ चे, शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. रसायनशास्त्र आणि जैवरसायनशास्त्र हे दोन्ही विभाग दोन्हीकडे आहेत आणि शिकवणे दोन्हीकडे इंग्रजीतच असते. त्यामुळे घरच्यांनी भाषेवरून निर्णय घेऊ नये असे मला कळकळीने वाटते. फरक पडतो तो कागदांचा. तुमचा रहिवास आणि जातीचा दाखला कर्नाटकातला असल्याने आरक्षण आणि राज्याची शिष्यवृत्ती धारवाडला मिळते. कोल्हापुरात तुम्ही परराज्यातले ठरता, मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्र लागते, आणि कर्नाटकातल्या ३बी सारख्या मागास गटाचा दाखला तिथे चालत नाही. महाराष्ट्राचा दावा असलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण प्रवेशांत स्वतंत्र गट आहे, पण तो इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरेंसाठी. एम.एस्सी.च्या बाबतीत त्या वर्षी कोणती सवलत लागू आहे हे विद्यापीठाच्या प्रवेश विभागातूनच लेखी घ्या, ऐकीव माहितीवर विसंबून फी भरू नका. केंद्रीय संस्थांत ओबीसी म्हणून अर्ज करायचा असेल तर आधी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते पाहा. राज्याच्या यादीतले नाव तिथे पुरत नाही, आणि प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यातले, चालू वर्षाचे लागते.

सीमाभागातल्या मुलांना कोणी सांगत नाही अशी आणखी एक गोष्ट आहे. प्राध्यापक व्हायचे असेल तर केसेट ही कर्नाटकाची पात्रता परीक्षा कर्नाटकातच चालते आणि महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र व गोव्यातच चालते. नोकरी कुठल्या बाजूला मिळेल हे आपल्या भागात आधी सांगता येत नाही, म्हणून दोन्ही राज्यांत आणि देशभर चालणारी केंद्रीय पात्रता परीक्षा, सीएसआयआर-यूजीसी नेट, हेच लक्ष्य ठेवा. तिच्यासाठी एम.एस्सी.ला सर्वसाधारण गटात ५५ टक्के आणि राखीव गटांत ५० टक्के लागतात. केमिस्ट्रीवाल्यांना केमिकल सायन्सेसचा आणि बायोकेमिस्ट्रीवाल्यांना लाइफ सायन्सेसचा पेपर असतो. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षे महिन्याला ३७ हजार रुपये आणि त्यानंतर ४२ हजार मिळतात. ज्याच्या घरी दुसरा मिळवता हात नाही त्याला संशोधन परवडते ते याच पैशावर. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि साधारण सहा वर्षांची मर्यादा आहे आणि सुरुवातीला कमीत कमी १२ क्रेडिटचे कोर्सवर्क पूर्ण करावे लागते.

परदेशाबद्दल, विशेषतः अमेरिकेबद्दल, तुम्ही विचारले म्हणून थोडे थांबून लिहितो. तिथे पीएच.डी.ला प्रवेश घ्यायला मास्टर्स लागत नाही, पण पदवी चार वर्षांची अपेक्षित असते. कर्नाटकात २०२१-२२ पासून चौथ्या ऑनर्स वर्षाचा पर्याय आला होता, तो २०२४-२५ पासूनच्या प्रवेशांना काढून पुन्हा तीन वर्षांची पदवी केली गेली. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर अनेक विद्यापीठे अर्ज बाजूला ठेवतात. तिच्यावर दोन वर्षांची एम.एस्सी. झाली की ही अडचण उरत नाही. म्हणून तुमच्यासाठी धारवाडची, कोल्हापूरची किंवा आयआयटीची एम.एस्सी. वाया जाणारी नाही, तीच तुमचा पाया ठरेल. रसायनशास्त्राच्या विभागाला ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक, फिजिकल आणि अ‍ॅनालिटिकल या चारही शाखा प्रयोगांसह झालेल्या हव्या असतात, जोडीला कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र. बायोकेमिस्ट्रीला यांतला बराच भाग आणि शिवाय पेशी व आनुवंशिकी. अर्जांच्या तारखा बहुधा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतात आणि सत्र पुढच्या ऑगस्टला सुरू होते. जीआरई ही प्रवेश परीक्षा आता अनेक विभागांनी सोडून दिली आहे आणि रसायनशास्त्राची जीआरई विषय परीक्षा तर बंदच झाली आहे. सीनियरांनी दिलेली तिची जुनी पुस्तके घेऊन बसू नका. टोफेल किंवा आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा मात्र लागते, आणि त्यातला बोलण्याचा भाग मराठी माध्यमातून आलेल्यांनी हलका समजू नये. तिथे ट्यूशन माफ होऊन वेतन मिळते ते बहुधा पदवीच्या मुलांचे प्रॅक्टिकल घेण्याबद्दल, आणि ते इंग्रजीत बोलूनच घ्यावे लागते. प्रवेशानंतर पहिल्या वर्षी कोर्स असतात, बायोकेमिस्ट्रीत वेगवेगळ्या प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून मार्गदर्शक निवडता येतो, सरासरी चारपैकी तीनच्या खाली जाऊ देता येत नाही, आणि बहुधा दुसऱ्या वर्षी तोंडी पात्रता परीक्षा होते. सगळे मिळून पाच-सहा वर्षे लागतात.

या अर्जाला तीन शिफारसपत्रे लागतात, आणि आपल्याकडची चांगली मुले सर्वांत जास्त मागे पडतात ती इथे. ‘विद्यार्थी मेहनती व आज्ञाधारक आहे’ एवढ्या पत्राने काहीच होत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने बेंझोइक आम्ल तयार केले तेव्हा वितळणांक ११६ अंश आला, पुस्तकात १२२ आहे. बाकीच्यांनी जर्नलमध्ये १२२ लिहिले. तिने ११६ लिहिले, गरम पाण्यातून पुन्हा स्फटिकीकरण केले, रात्रभर वाळू दिले, आणि दुसऱ्या दिवशी आलेला १२१ त्याच्या खाली लिहिला. तिच्या पत्रात मी हीच गोष्ट आकड्यांसकट लिहिली. तुमच्याबद्दल असे काही लिहू शकतील असे निदान दोन शिक्षक हवेत, आणि तशी ओळख वर्गात बसून होत नाही, प्रयोगशाळेत होते. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असेल तर तो कुठून तरी छापून आणू नका. छोटा का असेना, स्वतः करा. आपल्या नदीच्या किंवा विहिरीच्या पाण्यातला जडपणा किंवा नायट्रेट महिन्यागणिक मोजले तरी ते तुमचे स्वतःचे काम होते.

शेवटी एक कोरडी पण निकडीची गोष्ट. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर आपल्याकडे पुष्कळांचे नाव आद्याक्षरांसह, आडनाव आधी किंवा वडिलांच्या नावाशिवाय असते, आधारवर वेगळे असते आणि पासपोर्टवर तिसरेच. जॅमच्या अर्जापासून व्हिसापर्यंत प्रत्येक ठिकाणी हे जुळवून पाहिले जाते. बी.एस्सी.चे पदवी प्रमाणपत्र छापले जाण्याआधीच या सगळ्या कागदांवरचे स्पेलिंग एकसारखे करून घ्या, कारण नंतर दुरुस्तीसाठी विद्यापीठात आणि बोर्डात खेटे घालावे लागतात आणि तोवर प्रवेशाची तारीख निघून जाते.