इंग्रजीचे २० स्वर, उझ्बेकचे ६

प्रश्न : मी नाशिक रोड येथील एका शाळेत इंग्रजी शिकवते. इंग्रजीत २० आणि उझ्बेकमध्ये केवळ ६ स्वर असतात, असे वाचनात आले. 'शिप' आणि 'शीप' यांतला भेद आपल्याला ऱ्हस्व-दीर्घावरून कळतो; मग उझ्बेक भाषकाला तो अवघड का जावा? – एक वाचक

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण त्यांची थेट तुलना करता येत नाही. ब्रिटिश प्रमाण उच्चारातील २० स्वरांत १२ साधे आणि 'आय', 'आउ' यांसारखे ८ संयुक्त स्वर धरले जातात, तर उझ्बेकचे सहाही स्वर साधे आहेत.

साध्या स्वरांचे वर्गीकरण जीभ किती उचलली जाते, तिचा पुढचा भाग उचलला जातो की मागचा, आणि ओठ गोल होतात की नाही, या कसोट्यांवर करतात. 'शीप' म्हणताना जीभ 'शिप'पेक्षा अधिक वर आणि पुढे असते. लांबी ही या भेदाची एक बाजू झाली, आणि माझ्या मते आपल्या वर्गांतून तिलाच फाजील महत्त्व मिळते. 'बीट'मधला दीर्घ स्वर पुढच्या कठोर व्यंजनामुळे इतका आखडतो की तो 'बिड'मधल्या ऱ्हस्व स्वराच्या जवळपास येतो, तरीही इंग्रजी भाषकाला दोन्ही वेगळे ऐकू येतात. उझ्बेकमध्ये 'इ' एकच असल्यामुळे आणि लांबीने शब्दाचा अर्थ बदलत नसल्यामुळे तेथील विद्यार्थ्याला हे दोन्ही स्वर एकच वाटतात.

उझ्बेक स्वरांची ठेवणही पाहण्यासारखी आहे. 'किताब', 'बाजार', 'आसमान' हे आपल्या ओळखीचे शब्द तिथे 'कितॉब', 'बॉझॉर', 'ऑस्मॉन' असे होतात. तुर्की ही तिच्याच कुळातली भाषा, पण तुर्कीत अनेकवचनाचा प्रत्यय शब्दातील स्वराप्रमाणे बदलतो, म्हणजे पुस्तके 'किताप्लार' तर घरे 'एव्लेर'. प्रमाण उझ्बेकमध्ये मात्र हाच प्रत्यय सर्व नामांना एकाच रूपात लागतो. ताजिक-फारसीच्या दीर्घ सहवासात ही स्वरसंगती बव्हंशी लोपली, असे मानले जाते.

'अबाउट'च्या आरंभीचा अस्पष्ट 'अ' आपल्याला सहज जमतो, कारण मराठी 'अ' त्याच्या जवळचा आहे. वर्गात 'बिट', 'बीट', 'बिड' आणि मणी या अर्थाचा 'बीड' हे चार शब्द एकापाठोपाठ म्हणवून घ्यावेत, आणि विद्यार्थ्यांना लांबीऐवजी जिभेच्या जागेकडे लक्ष द्यायला सांगावे.