केंद्राचं घड्याळ कोणासाठी चालतं?

"आईला काही सांगता येत नाही. तिथे तिचे हाल झाले, तर आम्हाला ते कळणार तरी कसं?" स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासाठी निवासी केंद्र शोधणारं जवळजवळ प्रत्येक कुटुंब हा प्रश्न या ना त्या शब्दांत विचारतंच. इथे तो एका बहीणभावाचा आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई ७८ वर्षांची, वजन ५२ किलो. अल्झायमरचं निदान होऊन पाच वर्षं झालेली. पाय धड आहेत, आणि अडचणही तीच आहे: दिवस कलला की ती दार उघडून निघते. रात्री दोनतीनदा उठते. अंघोळीला मदत लागते. जेवते स्वतःच्या हातानं, पण समोर कोणी बसलं तरच. शौचालय डोळ्यांना दिसलं तर जाते, दिसलं नाही तर कपडे खराब होतात. सांभाळणारी मुलगी एकटी. कित्येक महिन्यांत तिला सलग तीन तास झोप नाही. भाऊ दुसऱ्या शहरात. दोघांनी मिळून दोन केंद्रं पाहिली होती. भावाला पहिलं पसंत होतं: नवी इमारत, प्रशस्त खोल्या, आरशासारखी फरशी. ताईला तिथे काहीतरी खटकत होतं, पण नेमकं काय ते तिला सांगता येईना. त्यावरून दोघांचं वाजलं होतं.

अशा वेळी केंद्रांची तुलना करत बसू नये. आधी आईचे चोवीस तास एका कागदावर उतरवायचे. किती वाजता उठते, शौचाला कधी जाते, कशानं बिथरते, कशानं शांत होते, कुठल्या औषधानंतर पेंगते. ताईनं तीन दिवस नोंदी केल्या आणि पान भरलं. मग हेच पान घेऊन केंद्रात जायचं आणि "तुमच्याकडे काय सोयी आहेत?" असं न विचारता "साडेपाचला ही दाराकडे निघाली, तर तुमच्याकडे त्या वेळी कोण काय करतं?" असं विचारायचं. "आम्ही प्रेमानं समजावतो" हे उत्तर नव्हे. "संध्याकाळच्या पाळीतली एक मदतनीस फक्त फिरणाऱ्यांसोबत असते, तिला दुसरं काम देत नाही" हे उत्तर आहे, कारण ते डोळ्यांनी तपासता येतं.

दोघांनी दोन्ही ठिकाणी पुन्हा जायचं ठरलं: एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान आणि एकदा सुटीच्या दिवशी. यातल्या एकाच भेटीची वेळ आधी कळवायची. इतरांच्या खोल्यांत कोणी फिरू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण दिवाणखान्यात आणि जेवणघरात पाऊण तास बसायला हरकत नसावी. तेवढ्या वेळात एक मोजणी करायची. कामाशिवाय, म्हणजे "उठा", "तोंड उघडा", "इकडे बसा" हे सोडून, कर्मचारी राहणाऱ्यांशी किती वेळा बोलले?

पहिल्या केंद्रात व्यवस्थापकांनी अभिमानानं सांगितलं, "सकाळी आठला आमचे सगळे आजीआजोबा अंघोळ करून तयार असतात." इथे कागद काढून गणित मांडायला हवं. राहणारे २६, सकाळच्या पाळीत मदतनीस पाच. मदत लागणाऱ्या माणसाचं उठणं, शौच, अंघोळ, कपडे घाईगर्दी न करता उरकायला सरासरी ४० मिनिटं धरा. २६ गुणिले ४० म्हणजे १०४० मिनिटं. पाच जणांत वाटली तर प्रत्येकी २०८, जवळजवळ साडेतीन तास. आठला सगळे तयार हवेत तर पहिली अंघोळ साडेचारला सुरू होते. नाहीतर ४० मिनिटांचं काम १५ मिनिटांत उरकलं जातं, आणि बिथरलेल्या माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ ओढाताण.

संध्याकाळच्या भेटीत दुसरं टोक दिसलं. साडेपाचला जेवण, सातला बहुतेक खोल्यांतले दिवे बंद. शांत, शिस्तबद्ध वाटलं, भावाला तर आवडलंच. खरं कारण साधं होतं: पाळी साडेसातला बदलते, आणि जाणाऱ्या पाळीला सगळे अंथरुणात हवे असतात. आता आईचं पान समोर ठेवा. घरी ती दहाला झोपते आणि उठतबसत एकूण सहा तास झोपते. तिला सातला आडवं केलं तर एक वाजता ती टक्क जागी. त्या वेळी केंद्रात मदतनीस दोन. नऊजण अंथरुणाला खिळलेले, त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. दोघींनी मिळून एकाला सहा मिनिटं, म्हणजे दर दोन तासांतली ५४ मिनिटं दोघीही खोल्यांत. तेवढा वेळ आई व्हरांड्यात एकटी. ती पडेल, किंवा दुसऱ्याच्या खोलीत शिरेल. आठवड्याभरात कोणीतरी डॉक्टरांना फोन करून सांगेल, "फार त्रास देतात, झोपेचं काहीतरी लिहून द्या."

त्रास आईनं दिलेला नसतो, वेळापत्रकानं दिलेला असतो. गोळी मात्र आईला मिळते.

"दिली गोळी, तर बिघडलं कुठे? घरी ताईनंही मागितलीच होती," असं भाऊ म्हणाला. रास्त प्रश्न, आणि घरी मागितली यात ताईला अपराधी वाटायचं कारण नाही. पण गुंगी आणणाऱ्या औषधानं रात्री शौचाला उठलेला माणूस तोल जाऊन पडतो, दिवसा पेंगतो, पेंगताना भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. वागणूक आवरण्यासाठी सर्रास लिहिल्या जाणाऱ्या मनोविकारविरोधी औषधांचा धोका याहून मोठा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्ये या गटातल्या नव्या औषधांवर आणि २००८ मध्ये जुन्यांवरही ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. साधारण दहा आठवड्यांच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांपैकी सुमारे ४.५ टक्के दगावले, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २.६ टक्के. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानं माणूस एकाएकी ताठरू शकतो. ही औषधं कधीच द्यायची नाहीत असं नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल किंवा भासांनी फार भेदरलेला असेल, तर ती कमीत कमी मात्रेत, कमीत कमी काळ देतात. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेचं २०१८ चं मार्गदर्शन निदान दर ६ आठवड्यांनी फेरविचार करायला सांगतं. म्हणून केंद्राला तीन प्रश्न: अशी औषधं कोणाच्या सांगण्यावरून सुरू होतात, सुरू करण्याआधी घरच्यांना कळवता का, आणि "गरज पडल्यास" म्हणून लिहिलेली गोळी रात्री द्यायची की नाही हे कोण ठरवतं? पहिल्या केंद्रात तिसऱ्याचं उत्तर "ड्यूटीवर असेल तो" असं आलं. ताईला काय खटकत होतं ते तिला तिथे सापडलं.

फरशीबद्दल दोन शब्द, कारण ती नेहमी फसवते. चकचकीत फरशी स्मृतिभ्रंशाच्या माणसाला ओली दिसते, गडद पायपुसणं खड्ड्यासारखं. आरशात अनोळखी बाई उभी दिसते. पांढऱ्या न्हाणीघरातला पांढरा कमोड दिसतच नाही. अंथरुणातून शौचालयाचं दार दिसतं का, हे पलंगावर स्वतः बसून पाहावं. बाग आहे का यापेक्षा बागेचं दार उघडं असतं का, हा प्रश्न कामाचा. पहिल्या केंद्राच्या बागेला कुलूप होतं.

दुसरं केंद्र जुन्या इमारतीत. सकाळी गेले तेव्हा एका खोलीपाशी लघवीचा वास येत होता, आणि भावानं तिथूनच परत फिरायचं ठरवलं होतं. एका खोलीशी, सकाळी, थोडा वेळ येणारा वास म्हणजे तिथे आत्ता कोणाचं तरी अंथरूण बदलणं चाललंय. सगळीकडे, दिवसभर, गादीखुर्च्यांत मुरलेला वास वेगळा. आणि फिनेलचा उग्र दर्प येत असेल, तर तो कशावर ओतलाय ते पाहावं.

अर्ध्या उघड्या दारातून त्यांना एक आजोबा दिसले, सदरा घालत होते. मदतनीस मुलगा बाही धरून उभा, आजोबांचा हात बाहीच्या तोंडाशी येऊन थांबलेला. मुलानं हात ओढून आत घातला नाही. बाही जरा हलवली, "हं, इथून," म्हणाला आणि थांबला. बऱ्याच वेळानं हात आत गेला. मग दुसरा. भावानं सवयीनं घड्याळ पाहिलं होतं: चार मिनिटं. हेच काम कोणीही वीस सेकंदांत करून टाकेल, आणि महिनादोन महिन्यांत आजोबांना हात घालणं जमेनासं होईल. चार मिनिटं थांबायची मुभा ज्या केंद्रात मदतनिसाला आहे, तिथे माणसं पुरेशी आहेत आणि कोणीतरी त्याला शिकवलंय.

पडण्याबद्दल दोन्हीकडे विचारलं. पहिल्या केंद्रात उत्तर आलं, "आमच्याकडे कोणी पडत नाही." चालत्याफिरत्या स्मृतिभ्रंशाच्या माणसांच्या घरात हे एक तर खोटं असतं, नाहीतर कोणी चालतच नसतं. दिवाणखान्यात चौघांच्या खुर्च्यांपुढे अडकवलेले टेबल होते, जेवण संपल्यावरही तसेच, "पडू नये म्हणून." बांधून ठेवल्यानं पडणं टळतंच असं नाही. पायांतलं बळ जातं, सुटायची धडपड होते, पलंगाच्या कठड्यावरून चढून पडलेला माणूस जास्त उंचीवरून पडतो. दुसऱ्या केंद्रात परिचारिकेनं नोंदवही काढली, नावांवर हात ठेवून दाखवली. गेल्या महिन्यात चार, त्यांतले तीन पहाटे, शौचालयाच्या वाटेवर. म्हणून त्या वाटेवर रात्रीचा दिवा लावलाय आणि पहाटे चारची एक फेरी वाढवलीय. ज्या घराकडे आकडा आहे आणि आकड्यापुढे काय केलं तेही आहे, त्यावर भरवसा ठेवायला जागा आहे.

दुसऱ्यातही उणिवा होत्या. रात्री परिचारिका नाही, फक्त फोनवर. शौचाच्या नोंदी तुटक, आणि हे किरकोळ नाही: बद्धकोष्ठानं या आजारातला माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. मग भावानं लेखी विचारून घेतलं: रात्री ताप आला तर किती वेळात कोण येतं, दवाखान्यात सोबत कोण जातं, आम्हाला फोन आधी की नंतर. करारातही एक वाक्य अडलं, "वर्तन हाताळण्यापलीकडे गेल्यास ७२ तासांत हलवावे." ते ३० दिवस करून घेतलं आणि आधी डॉक्टरकडून तपासणी ही अट घातली. डायपर, सोबत, जादा मदतनीस शुल्कात धरलेत का, आणि गिळणं बंद होईपर्यंत, शेवटापर्यंत ठेवतात का, हेही करार करण्याआधीच विचारायचं.

"रुळेपर्यंत पंधरा दिवस भेटायला येऊ नका," असं पहिल्या केंद्राचं म्हणणं होतं. असा नियम असेल तिथे ठेवू नये, हे आमचं ठाम मत. पाणी कमी पिणं, जेवण सुटणं, नव्या औषधाची गुंगी, हे सगळं याच पंधरा दिवसांत घडतं, आणि आईचं नेहमीचं वागणं कसं ते फक्त घरच्यांना ठाऊक असतं.

आता मूळ प्रश्न. आई सांगत नाही, तिचं अंग सांगतं. दर भेटीत टाचा आणि माकडहाड पाहायचं. दाबल्यावर न फिकटणारा लाल डाग म्हणजे जखमेची सुरुवात. कवळी तोंडात आहे का, चष्मा तिचाच आहे का, नखांखाली काय आहे. दुखतंय का हे विचारून कळत नसेल, तर श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाचा ताठरपणा आणि समजावल्यावर शांत होते की नाही या पाच गोष्टी पाहायच्या. पेनॅड नावाची मोजपट्टी यांवरच बेतलेली आहे, केंद्राला ती माहीत असावी. एकदोन दिवसांत अचानक जास्त गोंधळली किंवा जास्त झोपू लागली तर "आजार वाढला" हे ऐकून परतायचं नाही. हा आजार असा रातोरात वाढत नसतो. लघवीचा संसर्ग, पाण्याची कमतरता, नवं औषध, पडून लागलेला मार यांचा शोध त्याच दिवशी घ्यायला लावायचा.

"मला घरी जायचंय" हे वाक्य मात्र पुरावा धरू नये. ताईनं भरलेल्या त्या पानावर, घरीच असताना, संध्याकाळी सहाच्या रकान्यात तेच लिहिलेलं होतं.

आई दुसऱ्या केंद्रात गेली, सकाळच्या वेळी, नेहमीची चादर आणि ते पान घेऊन. पहिल्या महिन्याअखेर वजन १.४ किलोनं उतरलं. महिन्यात ५ टक्के, म्हणजे तिच्या बाबतीत २.६ किलो उतरलं तर धोक्याची घंटा; त्याच्या आतच होतं. पण ताईनं वजन विचारायच्या आधी केंद्राचाच फोन आला होता: "चार जणांच्या टेबलावर त्या जेवत नाहीत, उठून जातात. उद्यापासून खिडकीपाशी दोघांचं टेबल लावतोय, समोर आमची मुलगी बसेल. पुढचं वजन सोमवारी करू."