फॉलोअर विकत घेऊ का, आणि इतर प्रश्न

वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी केली, आता माणसांची आणि संस्थांची सोशल मीडियावरची खाती सांभाळते. डेस्कवरची ‘हे कुणी सांगितलं?’ विचारायची खोड काही गेली नाही. या वेळच्या उत्तरांतही ती दिसेल.

प्रश्न : ताई, मी शाळेत गणित शिकवते. इन्स्टाग्रामवर अपूर्णांक, टक्केवारी, समीकरणं यांचे छोटे व्हिडिओ टाकते. खूप मेहनत घेते, पण फॉलोअर सहाशेच्या पुढे सरकत नाहीत. एका ‘ग्रोथ’वाल्याने दहा हजार फॉलोअर मिळवून देतो असा मेसेज केलाय. नवा माणूस आकडा बघूनच ठरवतो ना, ही बाई ऐकण्यासारखी आहे की नाही ते? सुरुवातीचा आधार म्हणून घेतले तर काय बिघडलं?

उत्तर : आकडा बघून माणूस क्षणभर थांबतो, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. मीही थांबते. पण लगेच नजर जाते व्हिडिओखाली. दहा हजारांच्या खात्यावर अकरा लाइक आणि समीकरणाच्या व्हिडिओखाली ‘नाइस पिक डिअर’ अशी टिप्पणी दिसली की जे समजायचं ते समजतं. सहाशे फॉलोअर असलेल्या बाईंबद्दल ‘नवीन दिसतात’ एवढंच वाटलं असतं. आता ‘फसवतात’ असं वाटतं, आणि तेही गणिताच्या शिक्षिकेबद्दल, जिची सगळी भिस्त आकडे खरे असण्यावर!

शिवाय विकतचे फॉलोअर टिकत नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामने खोटी खाती झाडून काढली, तेव्हा खुद्द इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या खात्याचे सुमारे १ कोटी ८९ लाख फॉलोअर गेले आणि जस्टिन बीबरचे सुमारे ३५ लाख. छत्तीस लाखांहून जास्त फॉलोअर मिरवणारं एक खातं तर एका फटक्यात एक आकडी संख्येवर आलं. ट्विटरनेही जुलै २०१८ मध्ये अशीच सफाई केली. बीबरला काही फरक पडला नाही, त्याचे खरे चाहते शिल्लक होतेच. तुमच्याकडे सहाशे उरतील, आणि त्या सहाशेंनी तुमचा आकडा वर जाताना आणि धाडकन खाली येताना पाहिलेला असेल.

हा धंदा चालतो कसा तेही बघा. अमेरिकेत पैसे घेऊन बनावट फॉलोअर विकणारी देवूमी नावाची कंपनी होती. तिचा कारभार जानेवारी २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केला. त्यांच्या बनावट खात्यांपैकी कित्येकांवर खऱ्या, हयात माणसांची नावं आणि फोटो चोरून लावलेले होते. २०१९ मध्ये ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशनशी कंपनीची २५ लाख डॉलरची तडजोड झाली. म्हणजे तुमच्या दहा हजारांत एखाद्या शाळकरी मुलीचा फोटो असू शकतो, जिला याचा पत्ताच नाही.

आता खऱ्या मुद्द्याकडे येते. नवीन माणूस तुमच्यापर्यंत येतो कसा? बहुतेक वेळा कुणीतरी तुमचा व्हिडिओ त्याला पाठवलेला असतो. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं, की कुणाला कुठला व्हिडिओ आधी दाखवायचा हा क्रम ठरवताना तीन गोष्टींचं वजन सर्वांत जास्त असतं : लोक किती वेळ बघतात, बघणाऱ्यांपैकी किती जण लाइक करतात आणि किती जण दुसऱ्याला पाठवतात. त्यातही, फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोचायचं असेल तर पाठवण्याला महत्त्व जास्त. विकतचे दहा हजार यातलं काहीच करत नाहीत. ना बघतात, ना पाठवतात.

आणि पाठवणारा माणूस काय करत असतो याचा विचार करा. एक आई दुसऱ्या आईला तुमचा व्हिडिओ पाठवते, तेव्हा ती स्वतःची पत पणाला लावत असते. व्हिडिओ चुकीचा, पसरट किंवा चमको निघाला तर ओशाळायची वेळ तिच्यावर येते, तुमच्यावर नाही. तिला ती धास्ती वाटू नये, एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

तुम्ही दुवा दिलात म्हणून खातं नीट पाहिलं. व्हिडिओ चांगले आहेत, पण शीर्षकं पाठ्यपुस्तकातल्या धड्यांची. ‘अपूर्णांकांची बेरीज, भाग ३’ हे कोण कुणाला पाठवणार? त्याच व्हिडिओत चाळिसाव्या सेकंदाला तुम्ही म्हणता, की बरीच मुलं १/२ अधिक १/३ बरोबर २/५ असं लिहितात, वरचे वर मिळवतात आणि खालचे खाली. मग एकच वाक्य टाकता : २/५ हे तर अर्ध्यापेक्षाही कमी आहे, अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून लहान कसं येईल? मी तिथे थांबवून पुन्हा पाहिलं. तुमचा व्हिडिओ तिथून सुरू व्हायला हवा. ज्या घरात काल रात्री वहीवर हेच २/५ लिहिलं गेलं, तिथे तो पोचतो, आणि तिथून शेजारी जातो. वर्गात तुम्हाला मुलांच्या ज्या चुका रोज दिसतात, त्या कुठल्याही ‘ग्रोथ’वाल्याकडे नाहीत. एका चुकीचा एक व्हिडिओ. २० टक्के वाढवून २० टक्के कमी केल्यावर मूळ किंमत का येत नाही, वजा गुणिले वजा अधिक का, असे विषय वर्षभर पुरतील.

बायोतलं ‘ड्रीमर, मॅथ्स लव्हर’ काढा. कोणत्या इयत्तांना शिकवता आणि किती वर्षं शिकवता ते लिहा, दोन ओळी पुरतात. तुमचे सर्वांत उपयोगी व्हिडिओ वर पिन करा, कारण नवीन आलेला माणूस खाली फार उतरत नाही. पार्श्वसंगीताबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते : बंद करा. तुमचा आवाज त्यात बुडतो.

हे सगळं करून महिन्याभरात दहा हजार होतील का? नाही. पण ‘सेव्ह’ आणि ‘शेअर’चे आकडे आधी हलतील, फॉलोअर मागून येतील. खात्याची आकडेवारी दाखवणाऱ्या ‘इनसाइट्स’मध्ये ते दोन आकडे बघत जा.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांचा आहे. विज्ञानातल्या रंजक गोष्टींचं पेज चालवतो, चाळीस हजार फॉलोअर आहेत. ‘चीनची भिंत चंद्रावरून दिसते’ ही माझी सर्वांत जास्त चाललेली पोस्ट. आता दोघातिघांनी ते चूक असल्याचं दाखवून दिलंय. गुपचूप डिलीट करू की राहू देऊ? खरं सांगायचं तर त्या पोस्टने खूप फॉलोअर आणलेत.

उत्तर : फॉलोअर आणले, हे तू प्रामाणिकपणे लिहिलंस ते बरं केलंस. कारण तीच तर गोची आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निबंध छापला होता. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या त्यांनी तपासल्या. खोट्या बातम्या खऱ्यांपेक्षा लांब आणि वेगाने गेल्या, आणि पुढे ढकलल्या जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त निघाली. बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खाती, वगळून पाहिलं तरी चित्र तसंच राहिलं. ते काम माणसांचंच होतं. नवलाची गोष्ट पटकन पुढे जाते, आणि खोट्याला नवल निर्माण करायला काही बंधन नसतं. तेव्हा तुझी पोस्ट चालली यात आश्चर्य नाही.

तरीही राहू देऊ नकोस. चाळीस हजारांतल्या कुणीतरी ती वर्गात किंवा घरी ठामपणे सांगितली असेल आणि तिथे त्याचं हसं झालं असेल. तो तुझी पुढची पोस्ट कुणाला पाठवणार नाही. तो फॉलोअर आकड्यात दिसत राहील, उपयोगाचा मात्र राहिलेला नाही.

गुपचूप डिलीट करण्यालाही माझा विरोध आहे. ज्यांनी स्क्रीनशॉट काढलाय त्यांच्याकडे ती आहेच, आणि ज्या दोघातिघांनी चूक दाखवली त्यांना वाटेल की याने आपल्याला पुसून टाकलं. मूळ पोस्टच्या कॅप्शनची पहिली ओळच बदल : ‘ही माहिती चूक आहे.’ खाली बरोबर काय ते लिही, आणि दाखवून देणाऱ्यांचे आभार मान. मग स्वतंत्र पोस्ट कर. त्यात हसण्याच्या इमोजी नकोत, ‘आम्हीही माणसंच’ नको.

आणि दुरुस्ती कोरडीच असायला हवी असं कुठे आहे? २००३ मध्ये यांग लिवेई हे चीनचे पहिले अंतराळवीर पृथ्वीभोवती फिरून आले आणि म्हणाले, मला भिंत दिसली नाही. चीनचाच माणूस, आणि तोही चंद्रावर नव्हे, चंद्राच्या तुलनेत अगदी पृथ्वीला लगटून फिरत होता. भिंत लांबच लांब असली तरी रुंदीला काही मीटरच, आणि रंग आजूबाजूच्या मातीसारखा. अंतर, रुंदी आणि रंग यांवर डोळ्याला काय दिसतं हे ठरतं, यावर तुझी अख्खी मालिका होईल. मूळ पोस्टपेक्षा ही गोष्ट जास्त रंजक आहे, असं माझं मत.

जाता जाता : ‘माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो’ हीसुद्धा तुझ्या पेजवर दिसली. तीही चूक. आणि आइनस्टाइनच्या फोटोखाली जी वाक्यं टाकतोस, त्यातलं प्रत्येक वाक्य कुठे आणि कधी म्हटलंय ते सापडत नसेल तर फोटोसकट काढून टाक.

प्रश्न : पैसे भरून निळी टिक घेतली तर विश्वासार्हता वाढते का?

उत्तर : थोडी, आणि फक्त एका बाबतीत. ट्विटरने २००९ मध्ये टिक सुरू केली ती प्रसिद्ध माणसांची तोतयेगिरी थांबवायला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती महिना ८ डॉलरला कुणालाही मिळू लागली. दोनचार दिवसांतच कुणीतरी इलाय लिली या औषध कंपनीच्या नावाने टिकवालं खातं काढलं आणि ‘इन्सुलिन आता मोफत’ असं जाहीर केलं. खऱ्या कंपनीला माफी मागत खुलासा करावा लागला. इन्स्टाग्राम-फेसबुकची मालक कंपनी मेटा, तिची पैसे भरून मिळणारी टिक सरकारी ओळखपत्र तपासून देतात, म्हणजे खातं तुमचंच आहे एवढं तरी कळतं. तुमच्या नावाने कुणी खोटी खाती काढत असेल तर जरूर घ्या. तुम्ही बोलता ते खरं आहे का, हे टिक सांगत नाही, आणि आता बघणाऱ्यांनाही ते ठाऊक झालंय.

प्रश्न : मी त्वचेच्या निगेबद्दल बोलते. आता कंपन्या पैसे देऊन उत्पादनं दाखवायला सांगतात. ‘पेड पार्टनरशिप’ची पट्टी लावली की लोक व्हिडिओ सोडून पुढे जातात असं मैत्रिणी म्हणतात. पट्टी न लावता, पण खरंच आवडलेल्याच वस्तूंबद्दल बोलले तर?

उत्तर : लावा. आधी पैसे घेतलेत हे लपवलं आणि नंतर कळलं, तर तुम्ही पूर्वी पैसे न घेता केलेल्या व्हिडिओंवरही लोक संशय घेतात, आणि तो तुम्हाला खोडून काढता येत नाही. पुरावा कुठून आणणार? बऱ्याच देशांत लपवणं बेकायदाही आहे. पट्टी असतानाही लोक थांबावेत म्हणून माझी एक अट असते : करार करतानाच कंपनीला सांगायचं, की हे उत्पादन कोणी घेऊ नये हेही मी बोलणार. कोरड्या त्वचेला चालणार नाही, वास उग्र आहे, जे असेल ते. एखादी कंपनी नकार देईल. नकार देणारीचं काम गेलं तर वाईट वाटून घेऊ नका, तिला तुम्ही नको होतात, तुमचे फॉलोअर हवे होते.

आणि त्वचारोगाबद्दल कुणी मेसेजमध्ये फोटो पाठवून विचारलं तर ‘डॉक्टरांना दाखवा’ याच्यापुढे एक शब्द लिहू नका. इथे मी फार कडक आहे.

प्रश्न : रोज पोस्ट टाकली नाही तर अल्गोरिदम शिक्षा करतो, हे खरं का?

उत्तर : सांगण्यासारखं असेल तेव्हा टाका, पण वार ठरवा आणि तो पाळा. रोजच्या सक्तीतूनच चीनच्या भिंतीसारख्या पोस्ट जन्माला येतात.

प्रश्न : टिप्पण्यांमध्ये भांडणाऱ्यांना उत्तर द्यावं का? मी इतिहासावर लिहितो. सोडून दिलं तर वाटतं आपल्याकडे उत्तर नाही असं लोक समजतील.

उत्तर : एकदा द्या, आणि ते त्या माणसासाठी न देता बाजूला उभं राहून वाचणाऱ्यांसाठी द्या. ते संख्येने कितीतरी जास्त असतात आणि तुमचा पुरावा तसाच तुमचा सूरही बघत असतात. कुठल्या कागदाच्या, कुठल्या पानाच्या आधारे म्हणता ते लिहा. त्याने तोडीस तोड पुरावा दिला तर भांडण कसलं, चर्चा झाली. चालू ठेवा, तुमचे उत्तम वाचक तिथेच मिळतील. उद्धटपणे विचारलेला प्रश्नही कधीकधी रास्त असतो, तेव्हा उद्धटपणा गाळून प्रश्नाला उत्तर द्या. पुराव्याऐवजी तुमची जात, गाव, पगार निघाला, की थांबा. अशांना ब्लॉक केलं तर ते त्याचा स्क्रीनशॉट मिरवतात. म्हणून इन्स्टाग्रामवर ‘रिस्ट्रिक्ट’ वापरा. त्यांची टिप्पणी त्यांना दिसत राहते, बाकी कुणाला दिसत नाही, आणि असं झाल्याचा निरोपही त्यांना जात नाही.