'एनिमी ऑफ द स्टेट'मध्ये दाखवलेली सरकारी पाळत कितपत खरी आहे, आणि काही लपवायचेच नसेल तर तिची काळजी का करावी?

आपला प्रश्न दुहेरी आहे: १९९८ च्या 'एनिमी ऑफ द स्टेट' या चित्रपटात सरकार माणसावर जशी पाळत ठेवते तशी प्रत्यक्षात ठेवता येते का, आणि ज्याने काही गुन्हा केलेला नाही त्याने खाजगीपणाची चिंता कशाला करावी. मी चित्रपटांचा जाणकार नाही. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी १९८१ पासून टेलिफोन ऑपरेटर होतो आणि त्याच खात्यातून निवृत्त झालो. मुलाने हा चित्रपट दाखवला तेव्हा पहिल्यांदा मी त्यातील यंत्रे पाहत बसलो. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मात्र लक्ष नोंदींकडे गेले, कारण माझे निम्मे आयुष्य नोंदी ठेवण्यातच गेले आहे.

कथा थोडक्यात अशी. पाळतीचे अधिकार वाढवणाऱ्या विधेयकाला विरोध करणाऱ्या एका अमेरिकी लोकप्रतिनिधीचा राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतील एक बडा अधिकारी तळ्याकाठी खून करवतो. पक्ष्यांच्या अभ्यासासाठी तिथे लावलेल्या कॅमेऱ्यात तो खून टिपला जातो, आणि ते चित्रण विल स्मिथने रंगवलेल्या वकिलाच्या खरेदीच्या पिशवीत त्याच्या नकळत येऊन पडते. तिथून पुढे त्याची नोकरी, बँक, संसार सगळे एकेक करून मोडले जाते. त्याला वाचवणारा जीन हॅकमन हा त्याच धंद्यातून बाहेर पडलेला माणूस आहे आणि रेडिओलहरी आतबाहेर जाऊ नयेत म्हणून तो तांब्याच्या जाळीच्या पिंजऱ्यात बसून काम करतो. (याच हॅकमनने १९७४ मध्ये कोपोलाच्या चित्रपटात चोरून संभाषणे ध्वनिमुद्रित करणारा माणूस रंगवला होता, आणि इथे त्याचे जुने छायाचित्र म्हणून त्याच चित्रपटातील फोटो वापरला आहे.)

आता यंत्रांविषयी. धावणाऱ्या माणसाचा पाठलाग उपग्रह सलगपणे करतो, हे खरे मानू नका. जमिनीचे बारकावे टिपणारे उपग्रह खालच्या कक्षेत सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर वेगाने पळत असतात. यवतमाळ ते नागपूर हे दीडशे किलोमीटरचे अंतर त्यांना वीस सेकंदांचे. एका जागी स्थिर भासणारे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात आणि तिथून माणूस दिसत नाही. दुकानातील कॅमेऱ्याचे चित्र संगणकावर फिरवून पिशवीची मागची बाजू पाहण्याचा जो प्रसंग आहे, त्याविषयी एवढेच म्हणतो की जी बाजू कॅमेऱ्याने पाहिलीच नाही ती संगणक कुठून आणणार?

आमच्या भागातील माणसाला तर हे सांगावेही लागत नाही. २०१८ मध्ये राळेगाव आणि पांढरकवड्याच्या पट्ट्यात टी-१ म्हणजे अवनी वाघीण शोधण्यासाठी जागोजागी कॅमेरे लावले होते. ड्रोन, हत्ती, शिकारी कुत्रे, आकाशातून पाहण्यासाठी पॅराग्लायडर, काही म्हणून बाकी ठेवले नव्हते. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला मारण्याच्या आदेशात मध्ये पडण्यास नकार दिला, तरी २ नोव्हेंबरच्या रात्रीपर्यंत ती हाती लागली नाही. एवढा मोठा पट्टेदार जीव, ठाऊक असलेले जंगल आणि दिवसरात्र राबणारी माणसे असूनही दोन महिने गेले.

पण म्हणून चित्रपट खोटा ठरत नाही. त्यातील डोळा खोटा आहे. वही खरी आहे. वकिलाला कोणी दुर्बिणीतून उद्ध्वस्त करत नाही. तो कोणाशी बोलला, पैसा कुठे गेला, जुने संबंध कोणाशी होते, या नोंदी आधीपासून कुठे ना कुठे साठलेल्या असतात आणि त्या काढून त्याच्यावर फेकल्या जातात.

हे मला कसे ठाऊक, ते सांगतो. आमचे एक्स्चेंज तेव्हा हाताचे होते. ग्राहकाने फोनचा दांडा फिरवला की बोर्डावर त्याच्या नंबरची झाकणी पडायची. आम्ही कॉर्ड खोचायचो, 'की' (बोर्डावरचा ऐकण्या-बोलण्याचा खटका) पुढे करायचो आणि 'नंबर' विचारायचो. ट्रंक कॉल असेल तर टिकीट लिहायचे: कोणत्या नंबरवरून, कोणत्या गावच्या कोणत्या नंबरला, किती वाजता, किती मिनिटे. ऑर्डिनरी की अर्जंट, तेही. जोडणी झाली की नाही हे पाहण्यापुरते ऐकावे लागे, त्यापुढे ती 'की' मागे घ्यायची असा नियम होता आणि बहुतेक जण तो पाळत. दिवसभराची टिकिटे संध्याकाळी सुतळीने बांधून कपाटात जायची.

एका वर्षी दिवाळीनंतर गावातील एका कापूस व्यापाऱ्याच्या घरून हिंगणघाटच्या एका नव्या नंबरला दर गुरुवारी कॉल जाऊ लागला. आधी तीन मिनिटे, मग सहा, मग नऊ. एका आठवड्यात तो हिंगणघाटहून उलटा आला. पौषात एके रात्री दहा वाजता अर्जंट कॉल झाला, तो तीन मिनिटांतच संपला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूर, वणी आणि अमरावती अशा तीन ठिकाणी नातेवाइकांकडे कॉल गेले. त्यानंतर तो हिंगणघाटचा नंबर पुन्हा कधी आला नाही. आम्हा चौघांपैकी एकानेही एक शब्द ऐकला नव्हता, पण सोयरीक जुळत होती आणि ती मोडली हे चौघांनाही कळले. आमच्यातील एक जण पानठेल्यावर बोलून गेला. तिसऱ्या दिवशी मुलीचे वडील आमच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. तो माणूस बाजारात सौद्याच्या वेळी आवाज चढवणारा होता, तिथे मात्र हळू बोलला, "सायेब, माहं बोलनं कोनं आयकलं, तेवढं सांगा." सुपरवायझर साहेबांनी खरे तेच सांगितले की कोणीही ऐकले नाही. त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, आणि बसावा तरी कसा?

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे माझे उत्तर हेच आहे. त्या घराने काही गुन्हा केला नव्हता, काळाबाजार केला नव्हता, लपवण्यासारखे काही नव्हते. तरीही ती गोष्ट कधी, कोणाला आणि कोणत्या शब्दांत सांगायची हे ठरवणे त्या घराचे होते, आणि आम्ही ते त्यांच्या हातून काढून घेतले.

२०१३ च्या जूनमध्ये, चित्रपटातल्या त्याच राष्ट्रीय सुरक्षा संस्थेसाठी कंत्राटावर काम करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनने तिची गुप्त कागदपत्रे बाहेर आणली, तेव्हा अमेरिकेत दूरध्वनी कंपनीकडून सरसकट घेतल्या जाणाऱ्या नोंदींचा तपशील वाचून मी चमकलो. संभाषण घेत नाही, केवळ कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला, केव्हा आणि किती वेळ एवढेच घेतो, असा तिथला खुलासा होता. माझ्या टिकिटावरचे रकाने तेच होते. आमच्याकडे दिवसाला फार तर शंभरेक टिकिटे व्हायची आणि वाचणारी माणसे चार. त्यांच्याकडे साऱ्या देशाची टिकिटे होती आणि वाचायला न थकणारे यंत्र.

आपल्याकडे बोलणे ऐकण्यावर कायद्याचे कुंपण आहे. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचे कलम ५(२) सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता असेल तरच संभाषण अडवू देत असे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर अटी घातल्या: आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांचा हवा, तो दोन महिने चालेल, वाढवला तरी एकूण सहा महिन्यांपलीकडे नाही, आणि एक समिती तो तपासेल. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या अटींत न बसणारे फोन टॅपिंगचे आदेश रद्दही केले. आता त्या जुन्या कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे. माझी तक्रार अशी की आदेश देणारेही सचिव आणि तपासणाऱ्या समितीतही सचिवच; आधी न्यायाधीशाकडे जाण्याचे बंधन १९९६ च्या निकालानेही घातले नाही. चित्रपटातील विधेयकावरचा वाद नेमका इथेच येऊन ठेपतो, आणि म्हणून मला त्यातील उपग्रहापेक्षा ते विधेयक अधिक खरे वाटते.

पण खरी मेख पुढे आहे. हे कुंपण बोलण्याभोवती आहे, टिकिटांभोवती तितके उंच नाही. कॉलच्या नोंदी मिळवण्यासाठी गृह सचिवांची सही लागत नाही, आणि डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना त्या किमान दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. ऐकल्यापेक्षा टिकिटच जास्त सांगते, असा माझा अनुभव आहे. माणूस फोनवर खोटे बोलू शकतो; रात्री दहाचा अर्जंट कॉल खोटे बोलत नाही.

पक्ष्यांच्या कॅमेऱ्याचा मुद्दाही सोडवत नाही. चित्रपटात तो कॅमेरा ज्या कामासाठी लावला ते सोडून भलतेच टिपतो. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या एका गावात माझी चुलत बहीण दिली आहे. मोहफुलाच्या दिवसांत पहाटे बाया टोपल्या घेऊन जातात आणि वाटेत एखाद्या झाडाला पट्ट्याने बांधलेली हिरवट डबी दिसली की लुगड्याचा खोचलेला ओचा सोडून, पदर सावरून, न बोलता पुढे होतात. ती डबी वाघासाठी आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. तिच्यातील चित्रे कोण पाहते, हे ठाऊक नाही.

यावर उपाय म्हणून हॅकमनसारखा पिंजरा बांधणे आपल्याला जमणार नाही, आणि आधार, बँक, रेशन, पीकविमा यांच्याशिवाय शेतकऱ्याचे भागतही नाही. नोंदी राहणारच. प्रश्न त्या कोणी, कोणाच्या लेखी आज्ञेने उघडाव्यात एवढाच उरतो, आणि त्याबाबत मी जे एकदा पाहिले ते सांगून थांबतो.

त्या सोयरिकीच्या प्रकारानंतर साहेबांनी टिकिटांच्या कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. वर्षभराने ठाण्यातून एक हवालदार आला. एका पुढाऱ्याच्या घरून गेल्या पंधरवड्यात कुठे कुठे कॉल गेले ते बघायचे आहे, म्हणाला. वरून सांगितले आहे. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि १९७३ च्या फौजदारी संहितेचे कलम ९२ काढून दाखवले की तार खात्याच्या ताब्यातील कागद हवा असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्याचा किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. "लेखी आणा, लगेच देतो," असे ते म्हणाले. हवालदाराने चहा संपवला, बशी पालथी घातली आणि उद्या येतो म्हणून गेला. १९९१ मध्ये आमचे एक्स्चेंज स्वयंचलित झाले, बोर्ड भंगारात गेला, तोवर तो आला नव्हता.