स्विच एवढा खपला, तरी थर्ड पार्टी कंपन्यांनी त्यावर हात राखून का काम केलं?

प्रश्न असा आहे: "निन्टेन्डो स्विच १५ कोटींच्या वर खपला, मग बाहेरच्या कंपन्यांचे मोठे गेम त्यावर इतके उशिरा का आले, काही तर आलेच का नाहीत? स्विचवाले फक्त निन्टेन्डोचेच गेम विकत घेतात हे खरं आहे का? आणि स्विच २ वर तरी चित्र बदलेल का?"

मी लिहायला बसलो ते मधल्या वाक्यामुळे. "स्विचवाले फक्त निन्टेन्डोचेच गेम घेतात" हे वाक्य मी एका बैठकीत, समोर आलेख लावलेला असताना ऐकलं आहे. तेव्हा मी काही बोललो नाही. आता बोलतो: ते खोटं आहे.

माझं काम पोर्टिंगचं, म्हणजे एका यंत्रासाठी बनलेला गेम दुसऱ्या यंत्रावर चालेल असा करायचं. स्विचसाठी आम्ही पाच जणांनी एका रेसिंग गेमचा पोर्ट केला. गेमचं आणि प्रकाशकाचं नाव करारामुळे सांगता येत नाही. मूळ गेम पीएस४, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर आधीच आलेला होता. पीएस४ मध्ये ८ जीबी रॅम, स्विचमध्ये ४, आणि त्यातलीही काही प्रणालीच स्वतःकडे ठेवते. पण रॅमपेक्षा जास्त जाच मेमरीच्या वेगाचा. पीएस४ ला सेकंदाला १७६ जीबी मिळतात, स्विचला जेमतेम २५. त्यात कन्सोल टीव्हीला जोडणाऱ्या डॉकमधून उचलून हातात घेतला की जीपीयूचा (चित्र काढणाऱ्या चिपचा) वेग साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे एकच गेम दोन वेगवेगळ्या यंत्रांवर नीट चालवून दाखवायचा.

पहिल्या दिवशी गेम सुरूच झाला नाही, मेमरी संपली. सहाव्या आठवड्यात मुख्य मेनू दिसला तेव्हा आम्ही सगळे उठून उभे राहिलो. टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) एएसटीसी या दाबून साठवायच्या पद्धतीत आणले, प्रेक्षकांच्या गर्दीचे मॉडेल नव्याने केले, आवाजाच्या फाइली निवडून निवडून दाबल्या. सगळ्यात जास्त रडवलं ते पावसाच्या ट्रॅकने. ओल्या रस्त्यावरच्या प्रतिबिंबासाठी मूळ गेम दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, आख्खं दृश्य दुसऱ्यांदा काढत होता. आमच्याकडे तिथे सेकंदाला १९ फ्रेम मिळत होत्या. प्रकाशकाच्या माणसाने सहज सुचवलं, "तो ट्रॅकच काढून टाका." आमच्यातल्या सगळ्यात तरुण मुलीने हट्ट धरला आणि अकरा दिवस त्या एकाच शेडरवर, म्हणजे प्रकाश आणि रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, घालवले. तिने प्रतिबिंबं पाव रिझोल्यूशनवर आणली, एक आड एक फ्रेमला काढली आणि मधली फ्रेम आधीच्या फ्रेमवरून भरली. पावसात ३० फ्रेम मिळाल्या, त्याही कमी-जास्त होत नव्हत्या. आजही मला तो ट्रॅक मूळ गेमपेक्षा आमच्या पोर्टमध्ये जास्त आवडतो.

मग स्प्लिट-स्क्रीन, म्हणजे पडदा दुभागून एकाच यंत्रावर दोघांनी खेळणं. मूळ गेममध्ये दोन खेळाडूंचा स्प्लिट-स्क्रीन होता. स्विचच्या दोन्ही बाजूंचे जॉय-कॉन हे छोटे कंट्रोलर काढले की बसल्या जागी दोन खेळाडू तयार होतात, दुसरा कंट्रोलर घ्यावा लागत नाही. या कन्सोलवर रेसिंग गेम आणायचं याहून मोठं कारण मला तरी दिसत नाही. तो मोड चालवायचा म्हणजे दृश्य दोनदा काढायचं. आम्ही गाड्यांची संख्या कमी केली, लांबचे तपशील उतरवले आणि तो चालवून दाखवला. टेबलावर कन्सोल उभा करून आम्ही रोज संध्याकाळी त्यावर शर्यती लावायचो.

तो मोड प्रकाशकाने काढायला लावला, आणि कारण काय तर त्याच्या टेस्टिंगसाठी अंदाजपत्रकात तरतूद नव्हती.

पुढचं सगळं त्याच चालीवर गेलं. गेम ज्यावर विकतात ते कार्ड लहान क्षमतेचं निवडलं, त्यामुळे अर्धा गेम डाउनलोड करावा लागणार. गेम इतर कन्सोलवर येऊन चौदा महिने झाले होते, पुढच्या भागाचे ट्रेलर सुरू होते, आणि तेव्हा आमचा पोर्ट बाजारात आला, तोही पूर्ण किमतीला. त्याच सुमारास इतर कन्सोलवर सगळ्या डीएलसीसकट (नंतर विकलेल्या जादा भागांसकट) संपूर्ण आवृत्ती आमच्यापेक्षा कमी किमतीत मिळत होती. ट्रेलर एकच काढला, आणि त्यातली दृश्यं स्विचची नव्हती. वरातीमागून घोडं धाडायचं आणि वर त्या घोड्याचे पूर्ण पैसे मागायचे, असा तो प्रकार.

गेम पडला. मग ती बैठक झाली. प्रकाशकाच्या एका अधिकाऱ्याने खाली जाणारी रेघ दाखवली आणि म्हणाला, "बघा, या कन्सोलवर लोक मारिओशिवाय काही घेत नाहीत. हा ऑडियन्सच आपला नाही." पुढचा पोर्ट रद्द झाला, आमची टीम पांगली. त्या माणसाने तेच वाक्य नंतर दुसरीकडेही वापरल्याचं माझ्या कानावर आलं. त्या रेघेत काय काय आहे हे त्याला माहीत होतं, कारण त्यातला प्रत्येक निर्णय त्याच्याच सहीने झाला होता. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे अंगणावर खापर फोडायला आलेखही तयार.

ही एकट्या आमची गोष्ट असती तर मी इतकं लिहिलं नसतं. निन्टेन्डोचा स्विचच्या आधीचा कन्सोल वी यू आठवून बघा. २०११ मध्ये ई३ या गेम प्रदर्शनाच्या मंचावर ईए या मोठ्या प्रकाशक कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॉन रिकिटिएलो येऊन निन्टेन्डोबरोबरच्या अभूतपूर्व भागीदारीबद्दल बोलले. नोव्हेंबर २०१२ मध्ये वी यू आला, त्याबरोबर मास इफेक्ट ३ आला. पण एकटा तिसरा भाग. त्याच महिन्यात एक्सबॉक्स ३६० आणि पीसीवर तिन्ही भाग एकत्र असलेला संच निघाला होता. ज्याने आधीचे दोन भाग खेळलेलेच नाहीत त्याने गोष्टीचा शेवट तेवढा विकत घ्यावा, अशी अपेक्षा. पुढे रेमन लेजंड्स. तो एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त वी यूवर मिळणारा गेम म्हणून फेब्रुवारी २०१३ मध्ये यायचा होता. काही आठवडे आधी युबिसॉफ्टने तो सप्टेंबरपर्यंत ढकलला, कारण आता तो इतर कन्सोलवरही एकाच वेळी काढायचा होता. ज्यांनी त्या गेमसाठी कन्सोल घेऊन ठेवला त्यांनी काय करायचं? वी यू शेवटी १ कोटी ३६ लाखांच्या आतच थांबला. त्यात निन्टेन्डोच्याही घोडचुका होत्या, पण त्या लोकांना "तुम्ही आमचे गेम घेत नाही" म्हणायचा अधिकार या कंपन्यांना नव्हता.

स्विचवर ईएच्या फिफा या फुटबॉल गेमचंही तसंच. फिफा १८ इतरत्र फ्रॉस्टबाइट इंजिनवर (गेम ज्या सॉफ्टवेअरवर उभा असतो त्यावर) होता, स्विचवर वेगळ्या इंजिनवर, आणि त्यात द जर्नी हा गोष्टीचा मोड नव्हता. फिफा २० पासून तर 'लेगसी एडिशन' सुरू झाली, म्हणजे जुनाच गेम, नवे संघ आणि नव्या जर्सी. असं फिफा २३ पर्यंत दरवर्षी. फ्रॉस्टबाइटवरचा फुटबॉल स्विचवर आला तो थेट एफसी २४ (फिफाचंच पुढचं नाव) मध्ये, कन्सोलला सहा वर्षं झाल्यावर. आला म्हणजे आणता येत होता.

उलट ज्यांनी मन लावून केलं त्यांचं बघा. पॅनिक बटनने २०१७ मध्ये डूम आणला, ६० ऐवजी ३० फ्रेम, पण हातात धरून खरा डूम. २०१९ मध्ये सेबर इंटरॅक्टिव्हने विचर ३ दोन्ही मोठ्या विस्तारांसकट ३२ जीबीच्या एका कार्डावर बसवला. हँडहेल्डमध्ये चित्र ५४०पी पर्यंत उतरतं, धूसर दिसतं, आणि तरी लोकांनी तो प्रेमाने घेतला. कॅपकॉमने मॉन्स्टर हंटर राइज मार्च २०२१ मध्ये आधी स्विचवर आणला, पीसीवाल्यांना जानेवारी २०२२ पर्यंत थांबावं लागलं. पहिल्या काही दिवसांतच त्याच्या ४० लाख प्रती बाहेर पडल्या. मारिओशिवाय काही न घेणारे ते लोक हेच ना?

आणि आमच्या धंद्यातला माझा आदर्श तर त्याहून जुना आहे. १९९९ मध्ये एंजल स्टुडिओजने रेसिडेंट ईव्हिल २ निन्टेन्डो ६४ वर नेला. दोन सीडींचा गेम, व्हिडिओ दृश्यांसकट, ६४ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये. कोणी "अमुक मोड बसत नाही" म्हणालं की मला पहिल्यांदा ते कार्ट्रिज आठवतं.

आता दुसरी बाजू. या दुराव्याची सुरुवात निन्टेन्डोनेच केली, हे मला मान्य आहे. एनईएस या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलच्या काळात अमेरिकेत बाहेरच्या कंपनीला वर्षाला पाचच गेम काढायची परवानगी होती, कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यावे लागत, आणि परवानगीशिवायचे कार्ट्रिज अडवणाऱ्या लॉकआउट चिपमुळे पळवाट नव्हती. कोनामीने जास्त गेम काढता यावेत म्हणून अल्ट्रा नावाची वेगळी कंपनी उभी केली. पुढे सगळे सीडीकडे वळत असताना निन्टेन्डो ६४ कार्ट्रिजवर अडून राहिला आणि स्क्वेअरने फायनल फँटसी ७ प्लेस्टेशनवर नेला, १९९७ मध्ये, तीन सीडींवर. तो राग रास्त होता. वी यूच्या आधीचा वी तर १० कोटींवर खपला, पण त्याची रॅम ८८ एमबी आणि एक्सबॉक्स ३६० ची ५१२. तिथे तोच गेम आणणं म्हणजे जवळपास दुसरा गेम बनवणं होतं, त्यामुळे वीच्या बाबतीत मी कंपन्यांना फार दोष देत नाही. कमी ताकदीच्या यंत्राची अडचण फक्त निन्टेन्डोची नाही हेही सांगतो. २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ चा स्प्लिट-स्क्रीन एक्सबॉक्स सिरीज एस वर बसला नाही, म्हणून तो त्या कन्सोलपुरता वगळून गेम काढावा लागला.

काही गेम स्विचवर खरोखर शक्य नव्हते. मोठ्या क्षमतेची कार्डं महाग पडतात, हेही खरं. आणि निन्टेन्डोच्या स्वतःच्या गेमशेजारी आपला गेम मांडायची भीती मी समजू शकतो. मी कोड लिहिणारा माणूस, हिशोबाच्या खोलीत मी कधी बसलो नाही. पण आमच्या गेममध्ये यातलं कुठलंही कारण लागू नव्हतं. तो चालत होता.

स्विच २ बद्दल. यंत्र यावेळी आडवं येणार नाही. १२ जीबी रॅम आहे, कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारं डीएलएसएस आहे, आणि ५ जून २०२५ ला, पहिल्याच दिवशी, सायबरपंक २०७७ त्यावर ६४ जीबीच्या कार्डावर आख्खा आला. पहिल्या चार महिन्यांत कन्सोल १ कोटींच्या वर गेला. पण त्याच दिवशी 'गेम-की कार्ड'ही आली, ज्यात गेम नसतोच, नुसती किल्ली असते आणि सगळं डाउनलोड करावं लागतं. स्ट्रीट फायटर ६ सारखा मोठा गेमही तसाच आला. कार्डावरचा खर्च वाचवायची ती सोय मला आमच्या लहान कार्डाची आठवण करून देते.

स्विच २ घ्यायचा तर घ्या, पण थर्ड पार्टी गेम घेताना तीन गोष्टी बघून घ्या: तो इतर कन्सोलबरोबरच आला का, कार्डावर काय आहे, आणि मूळ गेममधला कुठला मोड गायब आहे. मोड गायब असेल तर पूर्ण किंमत देऊ नका, आणि गेम का घेतला नाही हे कंपनीला लिहून कळवा. न विकला गेलेला प्रत्येक गेम त्यांच्या आलेखात "ऑडियन्स नाही" म्हणूनच मोजला जातो. लिहून कळवलंत तर निदान खरं कारण कुठेतरी नोंदलं जाईल.

आमचा स्प्लिट-स्क्रीन आम्ही कोडमधून काढला नव्हता. तेवढा वेळच नव्हता. मेनूतली ती एक ओळ लपवली आणि गेम पाठवून दिला. ज्यांनी ज्यांनी तो घेतला त्यांच्या कार्डावर तो मोड आजही आहे, ३० फ्रेमने चालणारा.