संपर्कयंत्रणा सार्वजनिक क्लाउडवर न्यावी की खासगी?

प्रश्न : आमच्या सेवासंस्थेची तीन कार्यालये असून सुमारे १४० कर्मचारी आहेत. जुन्या पीबीएक्सचे (कार्यालयातील अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजचे) सुटे भाग मिळेनासे झाल्याने दूरध्वनी, व्हिडिओ बैठका आणि ग्राहकांच्या तक्रारींचे कॉल असे सगळेच क्लाउडवर न्यायचे ठरले आहे. एक विक्रेता सार्वजनिक क्लाउड, म्हणजे अनेक ग्राहकांनी मिळून वापरायची सेवापुरवठादाराची यंत्रणा, सुचवतो. दुसरा म्हणतो, ग्राहकांची माहिती सुरक्षित ठेवायची असेल तर खासगी क्लाउडला पर्याय नाही. निर्णय कोणत्या कसोटीवर घ्यावा?

उत्तर : दोघेही आपापल्या दुकानात असलेला मालच सुचवणार, हे गृहीत धरून पुढे जाऊ. ‘खासगी’ म्हटले की आपल्याच इमारतीतले, आपल्याच कुलपातले सर्व्हर अशी समजूत होते. प्रत्यक्षात अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०११मध्ये केलेल्या आणि आजही प्रमाण मानल्या जाणाऱ्या व्याख्येनुसार खासगी क्लाउड म्हणजे एकाच संस्थेसाठी राखलेली यंत्रणा. ती दुसऱ्याच्या मालकीची, दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये आणि दुसऱ्याच्याच देखभालीखाली असू शकते. त्यामुळे दुसऱ्या विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा की यंत्रणा कोठे असेल आणि तिची देखभाल कोण करील.

सुरक्षितता ही राखलेल्या सर्व्हरपेक्षा रोजच्या देखभालीवर जास्त अवलंबून असते. दूरध्वनी यंत्रणेवरचा नेहमीचा हल्ला फार साधा असतो : इंटरनेटला उघडा असलेला एसआयपी सर्व्हर (इंटरनेटवरून कॉल जोडून देणारा संगणक) शोधायचा, एखाद्या एक्सटेन्शनचा सोपा पासवर्ड ओळखायचा आणि शनिवारी रात्री कार्यालय बंद असताना त्यावरून महागडे आंतरराष्ट्रीय कॉल लावत राहायचे, सोमवारी सकाळपर्यंत बिल फुगलेले असते. हा प्रकार खासगी क्लाउडवरही तितक्याच सहजपणे होतो, किंबहुना सॉफ्टवेअरच्या सुधारणा वेळच्या वेळी बसवणारा माणूस नसेल तर अधिक सहजपणे होतो. आवाज आणि कॉल जोडणारे संदेश कूटबद्ध होतात का, म्हणजे तिऱ्हाइताला ते कळणार नाहीत अशा सांकेतिक रूपात जातात का, परदेशी कॉलना खर्चाची मर्यादा घालता येते का, व्यवस्थापकाच्या खात्याला पासवर्डखेरीज दुसरी खातरजमा आहे का, हे दोन्हीकडे विचारा. उत्तरे लेखी घ्या.

खासगी क्लाउडची गरज खरोखर असते ती काही विशिष्ट परिस्थितींत. कायद्याने किंवा एखाद्या मोठ्या ग्राहकाशी केलेल्या कराराने कॉलचे रेकॉर्डिंग ठरावीक जागी, केवळ तुमच्याच ताब्यात ठेवण्याचे बंधन असेल. तक्रार नोंदवण्याचे तुमचे सॉफ्टवेअर इतके जुने असेल की संपर्कयंत्रणेच्या अंतर्गत रचनेतच फेरफार करावे लागतील. किंवा यंत्रणेतील बदल केव्हा लागू व्हावेत हे तुम्हालाच ठरवायचे असेल, तर जादा खर्चाला अर्थ आहे. सार्वजनिक क्लाउडवर सेवापुरवठादार बदल करतो तेव्हा ते सगळ्यांनाच लागू होतात. फार तर थोडी मुदत मिळते.

मात्र हे नियंत्रण फुकट मिळत नाही. एक सर्व्हर बंद पडल्यास काम उचलणारा दुसरा सर्व्हर, परवाने, सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांचे नूतनीकरण आणि मध्यरात्री फोन उचलणारा जाणकार माणूस, असे सगळेच पोसावे लागते. १४० जणांमागे हा भार बहुधा परवडत नाही. वरीलपैकी कोणतेही बंधन नसेल तर तुम्ही सार्वजनिक क्लाउडच घ्यावा आणि फक्त तक्रारींचे रेकॉर्डिंग तुमच्या ताब्यातील किल्लीने कूटबद्ध करून वेगळे साठवावे, असे माझे मत आहे.

करारात ‘९९.९ टक्के उपलब्धता’ असे दिसले तर त्याचा अर्थ वर्षाला सुमारे पावणेनऊ तास सेवा बंद राहिली तरी करारभंग होत नाही, असा होतो, ९९.९९ टक्क्यांना हीच मुदत सुमारे ५३ मिनिटांवर येते. भरपाई सहसा भाड्यातील सवलतीपुरती असते, बुडालेल्या धंद्याची नसते. शिवाय सेवा सोडताना दूरध्वनी क्रमांक तुमच्याकडेच राहतील आणि जुनी रेकॉर्डिंग कोणत्याही साध्या संगणकावर ऐकता येतील अशा स्वरूपात परत मिळतील, ही दोन कलमे सहीपूर्वीच घालून घ्यावीत.

प्रश्न : व्हिडिओ बैठकांत आवाज तुटतो. खासगी क्लाउड घेतल्यास ही अडचण सुटेल का?

उत्तर : बहुधा नाही. आवाजाचे डिजिटल रूपांतर करण्याच्या नेहमीच्या जी.७११ पद्धतीत आवाजाचे दर सेकंदाला साधारणपणे ५० तुकडे जातात आणि एका कॉलला प्रत्येक दिशेने ८० ते ९० किलोबिट पुरतात. म्हणजे ४० कॉल एकाच वेळी चालले तरी चार मेगाबिटदेखील लागत नाहीत. व्हिडिओला कितीतरी जास्त क्षमता लागते, पण बैठकीतला आवाज तुटण्याचे कारण अनेकदा निराळेच असते. त्याच जोडणीवरून कोणी मोठा बॅकअप पाठवू लागले की आवाजाचे तुकडे राउटरमध्ये रांगेत अडकतात आणि उशिरा पोहोचलेला तुकडा ऐकवता येत नसल्याने टाकून दिला जातो. राउटरवर आवाजाला अग्रक्रम द्यावा आणि एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत आहे ना, हे कामाच्या गर्दीच्या वेळी मोजून पाहावे. सर्व्हर आपल्याच इमारतीत ठेवले तरी बाहेरचे कॉल आणि दुसऱ्या कार्यालयांशी होणाऱ्या बैठका त्याच जोडणीवरून जाणार असतील, तर ती ठप्प होताच अंतर्गत एक्सटेन्शन तेवढी चालू राहतील. तेव्हा खर्च करायचाच असेल तर वेगळ्या पुरवठादाराची, वेगळ्या मार्गाने येणारी दुसरी जोडणी आधी घ्यावी.